बर्फाची आगोट

आमच्या राजापूरकडच्या घरात वैशाख अर्धा झाला की आजीचं बोलणं एकाच शब्दाभोवती फिरायला लागायचं: आगोट. आगोटीच्या आत सरपण पडवीत आलं पाहिजे, कौलं परतून झाली पाहिजेत, पश्चिमेच्या अंगाला झापांची झड बांधली पाहिजे, पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्या पाहिजेत, आमसुलं बरणीत आणि फणसाची साटं डब्यात गेली पाहिजेत. आभाळ कोरडं ठणठणीत असायचं आणि आम्हा मुलांना या घाईचं हसू यायचं. मग एखाद्या दुपारी अंधारून यायचं आणि पुढचे चार महिने जे राहिलं ते राहिलंच.

मिनेसोटात राहायला लागून मला तीसहून जास्त वर्षं झाली. इथल्या परसबागेबद्दल जे काही शिकले, ते समजावून सांगायला मला आगोटीसारखा दुसरा शब्द सापडलेला नाही. इथली आगोट सप्टेंबरच्या अखेरीला लागते. तेव्हा टोमॅटो लगडलेले असतात, दुधीच्या वेलाला फुलं असतात, दुपारी घाम येतो, आणि नेमकं तेव्हाच बेगमीला लागायचं असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एका स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री दव गोठतं आणि सकाळी मिरची, वांगी, दुधी, झेंडू असे सगळे काळे पडून माना टाकून असतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. इथं तो नुसता नारळ फुटलेला असतो. पुढे पाच महिने खेळ चालतो.

ही पुस्तिका म्हणजे त्या पाच महिन्यांच्या आधीच्या सहा-सात आठवड्यांची माझी टिपणं. इंग्रजीत या विषयावर पुस्तकांना तोटा नाही. पण ती ज्यांच्यासाठी लिहिलेली असतात त्यांनी लहानपणी आजोबांना गुलाब पुरताना पाहिलेलं असतं. आपला हात उन्हाळ्याच्या देशात तयार झालेला. झाड सुकायला लागलं की पाणी घाला, उन्हाचं करपतंय तर सावली करा, एवढं आपल्याला न शिकवता येतं. थंडीच्या बाबतीत मात्र आपला हात चुकीच्या दिशेला जातो. माझा तर पहिल्याच वर्षी गेला.

मी १९९१ च्या ऑगस्टमध्ये इथं आले. भाड्याच्या घराला हातभर गॅलरी होती, तिच्यात एका ओळखीच्या बाईंनी दिलेली मोगऱ्याची कुंडी. ३१ ऑक्टोबरला, पोरं भुताखेतांचे कपडे घालून दारोदार खाऊ मागत होती तेव्हा बर्फ पडायला लागला आणि तीन दिवस थांबलाच नाही. मिनियापोलिस-सेंट पॉल भागात त्या वादळात २८.४ इंच बर्फ पडला. हॅलोविनचं वादळ म्हणून लोक अजून त्याची आठवण काढतात. मी काय केलं? ट्रंकेतली सोलापुरी चादर काढली आणि मोगऱ्याच्या कुंडीला नीट गुंडाळली. वर सुतळी बांधली. आजारी मुलाला झाकावं तसं मायेनं. वादळ निवल्यावर चादर सोडली तेव्हा पानं उकडलेल्या माठासारखी झाली होती.

चादर ऊब तयार करत नाही, असलेली ऊब धरून ठेवते, हे शाळेत शिकलेलं विज्ञान मला त्या मोगऱ्यानं पुन्हा शिकवलं. माणूस आतून गरम असतो म्हणून त्याला गोधडी पुरते. कुंडीतला मोगरा आतून गरम नसतो. या पुस्तिकेत सांगण्यासारखी मोठी गोष्ट एकच आहे आणि ती मी इथंच सांगून टाकते: थंड मुलखात झाडांना पांघरूण घालतात ते त्यांना ऊब मिळावी म्हणून नव्हे, त्यांची थंडी एकसारखी राहावी म्हणून. झाड झोपलेलं असतं. त्याला जागवायचं नसतं.

आपल्याकडच्या निफाडशी तुलना करून पाहा. नाशिक जिल्ह्यात पारा फार उतरला की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी देतात. ते बरोबरच आहे, कारण डिसेंबर-जानेवारीत त्या वेलींना पानं असतात, मणी भरत असतात. जागं असलेलं झाड थंडीत सापडलं तर त्याला ऊबच द्यायला हवी. मिनेसोटातली द्राक्षवेल जानेवारीत नुसतं लाकूड असते. तिच्याखाली शेकोटी पेटवणं म्हणजे अपरात्री उठवून बाहेर उभं करणं.

म्हणून इथं पांघरुणं दोन प्रकारची आणि त्यांचे काळही दोन. ऑक्टोबरातलं पांघरूण जाग्या झाडांसाठी. पहिल्या गोठणाऱ्या रात्री टोमॅटोवर संध्याकाळीच जुनी चादर टाकायची, तिचे काठ जमिनीला टेकवायचे, म्हणजे दिवसभर तापलेल्या मातीची ऊब आत अडकते. आणि सकाळी ऊन आलं की ती काढायची. प्लास्टिक टाकलंत तर ते पानाला टेकू देऊ नका, टेकलेलं पान जातंच. माझी तीच सोलापुरी चादर या कामाला अजून आहे. शेजारच्या नॉर्वेजियन वंशाच्या आजोबांना ती इतकी आवडली होती की टोमॅटोवर कशाला टाकतेस म्हणून ते मला रागावले होते. अशा चार-पाच रात्री सांभाळल्या तर पुढे पुष्कळदा आठवडा-दोन आठवडे उबदार मिळतात आणि बरीच फळं पिकतात. उरलेल्या हिरव्या टोमॅटोंची तीळ-दाणे घालून चटणी करायची, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं पांघरूण नोव्हेंबरातलं, आणि ते झोपलेल्यांसाठी. स्ट्रॉबेरी, बहुवर्षायू फुलझाडं, लसूण यांच्यावर पेंढा किंवा पाचोळा पसरायचा तो थंडी पडण्याआधी नव्हे. ती चांगली पडल्यावर, बहुतेक झाडांच्या बाबतीत मातीचा वरचा थर गोठल्यावर. हे मला पटायला वर्षं लागली. लवकर पसरला तर माती उबदार राहते, झाडं झोपत नाहीत, आणि उंदीर मात्र त्या गादीत संसार थाटतात.

झाडाची झोप म्हणजे नेमकं काय, याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण एवढं कळलं की पुढचे सगळे नियम पाठ न करताही सुचतात. दिवस लहान होऊ लागले की झाड वाढ आवरतं. मग गार रात्री सुरू झाल्या की पेशींत साखरेसारखी द्रव्यं वाढतात आणि पाणी हळूहळू पेशींबाहेर, मधल्या फटींत जाऊ लागतं. तिथं ते गोठलं तरी चालतं. पेशी आक्रसते, कोरडी होते, पण फुटत नाही. पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले तर मात्र ती संपली. ही तयारी पायरीपायरीनं होते. सप्टेंबरात उणे पाच-सहाला मरेल अशी सफरचंदाची फांदी जानेवारीत उणे तीस सेल्सिअस सोसते. फांदी तीच, वेळ वेगळी. म्हणूनच ऑगस्टनंतर नत्राचं खत घालू नये, शरदात छाटणी करू नये. दोन्हींमुळे कोवळी फूट येते आणि ती झोपायला तयार नसते.

तयारी अर्धी असताना थंडी कोसळली तर काय होतं, याचं या भागातलं सगळ्यात मोठं उदाहरण ११ नोव्हेंबर १९४० चं. ती सकाळ इतकी उबदार होती की पुष्कळ लोक साध्या जाकिटावर बदकांच्या शिकारीला गेले. दुपारपासून पारा कोसळला, हिमवादळ आलं. एकट्या मिनेसोटात ४९ माणसं दगावली. माणसांबरोबर झाडंही गेली. खालच्या आयोवा राज्यात सफरचंदाच्या मोठमोठ्या बागा होत्या. उबदार शरदामुळे झाडं अजून जागीच होती. त्या एका थंडीनं तिथल्या बागा इतक्या मारल्या की आयोवाचा सफरचंदाचा धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. त्याच झाडांनी जानेवारीत याहून जास्त थंडी अनेकदा सोसली होती.

नुसत्या थंडीपेक्षा तिची ये-जा वाईट. उणे वीसवर ठाम बसलेला पारा झाडाला चालतो. दुपारी वर, रात्री खाली, असं चाललं की बागेत पडझड सुरू होते. ओली माती गोठते तेव्हा खालचं पाणी वर ओढलं जातं आणि मातीत बर्फाचे थर धरतात. ते जमीन उचलतात. वितळली की जमीन बसते, पण तिच्यातून वर आलेलं रोप परत खाली बसत नाही. चार-सहा वेळा असं झालं की सप्टेंबरात लावलेलं रोप मुळांसकट वर येऊन पडतं, कोणी उपटून ठेवल्यासारखं. माणसं याच भीतीनं घरांचे पाये खोल नेतात; मिनेसोटात कायद्यानंच पाया दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोल न्यावा लागतो. रोपाला तेवढं खोल जाता येत नाही, म्हणून वर पाचोळा.

कोवळ्या सालीच्या झाडांचं दुखणं याच जातीचं. फेब्रुवारीत निरभ्र दुपारी नैऋत्येचं ऊन खोडावर पडतं, बर्फावरून परतलेलं ऊनही त्यात भर घालतं. साल तापते, आतल्या पेशी जाग्या होतात. सूर्य मावळतो तसा पारा धाडकन उतरतो आणि जाग्या झालेल्या पेशी मरतात. वसंतात त्या बाजूची साल उभी फाटलेली दिसते. उपाय म्हणून खोडाला पांढरी पट्टी गुंडाळतात. ती ऊन परतवते, ऊब देत नाही. खोड थंडच राहावं एवढंच तिचं काम. आपण आंब्याच्या खोडाला चुना लावतो, त्याचंच हे भावंड म्हणायला हरकत नाही.

तिसरा मारेकरी कोरडेपणा. थुजासारखी सदाहरित झाडं हिवाळाभर पानांतून पाणी गमावतात आणि गोठलेल्या जमिनीतून त्यांना ते भरून काढता येत नाही. मार्चमध्ये कुंपण तपकिरी पडलं की लोक म्हणतात, थंडीनं मारलं. ते तहानेनं गेलेलं असतं. जमीन गोठेपर्यंत अशा झाडांना भरपूर पाणी द्या. बाहेर स्वेटर घालून झाडांना पाणी घालताना वेड्यासारखं वाटतं, ते वाटू द्या.

खोडाचं दुखणं सोडलं तर बाकीच्यांवर सगळ्यात चांगला इलाज फुकट येतो, तो म्हणजे बर्फ. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून जास्त हवा असते. त्याच्यासारखी गोधडी कुठल्या दुकानात मिळत नाही. वर हवा उणे पंचवीस असताना जाड बर्फाखालची जमीन गोठणबिंदूच्या आसपासच असते. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसात पारा उणे ३३ सेल्सिअसला गेला होता. वाऱ्यानं कान तुटतील असं वाटत होतं. माझ्या बागेत त्या वर्षी फारसं काही मेलं नाही, कारण तिच्यावर बर्फ होता. उलट २०२३-२४ चा हिवाळा इथल्या नोंदींतला सगळ्यात उबदार. बर्फ जवळजवळ नव्हताच. सगळे खूश होते. मी रोज सकाळी उघडी जमीन बघून पाचोळ्याच्या पिशव्या रित्या करत होते. वाटेवरचा बर्फ उपसाल तेव्हा तो वाफ्यांवर टाका. मीठ मारलेला बर्फ मात्र टाकू नका.

आता गुलाब. नाजूक संकरित गुलाब इथल्या हिवाळ्यात उभे टिकत नाहीत. फायबरच्या टोप्या, पोती, मातीचे ढीग असे खूप प्रयोग झाले. १९५० च्या दशकात इथल्याच अल्बर्ट नेल्सन नावाच्या गुलाबवेड्या माणसानं एक पद्धत बसवली, तिला आता सगळीकडे ‘मिनेसोटा टिप’ म्हणतात. ऑक्टोबरच्या मध्यावर झुडपाच्या फांद्या सुतळीनं एकत्र बांधायच्या, एका बाजूला झुडपाच्या उंचीएवढा चर खणायचा, मुळांभोवतीची माती सैल करायची आणि अख्खं झुडूप हळूच त्या चरात आडवं करून त्याच्यावर माती लोटायची. वर पाचोळा. एप्रिलच्या मध्याला उकरून पुन्हा उभं करायचं. पहिल्यांदा करताना माझे हात थरथरले होते. जिवंत झाड पुरायचं हे आपल्या मनाला पटत नाही. पण माझा पिवळा गुलाब गेली एकोणीस वर्षं दर वर्षी पुरला जातो आणि जूनमध्ये फुलतो. त्याच काळात शेजारणीनं टोपी घालून उभे ठेवलेले तीन गेले.

सगळ्यांनीच एवढा खटाटोप करावा असं मी म्हणणार नाही. मुळात थंडी सोसणाऱ्या जाती लावल्या तर निम्मी आगोट वाचते. त्यासाठी अमेरिकेच्या शेतीखात्याचा एक नकाशा आहे. एखाद्या ठिकाणी वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरीनं किती थंड असते, त्यावरून देशाचे पट्टे पाडलेले आहेत. नर्सरीतल्या प्रत्येक रोपावर पट्ट्याचा आकडा असतो. २०१२ च्या नकाशात मिनियापोलिस ४ब मध्ये होतं, २०२३ च्या नकाशात ५अ मध्ये आलं. म्हणजे उणे ३२ ते उणे २९ ऐवजी उणे २९ ते उणे २६. दुकानांनी लगेच ५अ ची रोपं पुढे मांडली. माझं मत जुन्या वळणाचं आहे: खरेदी ४ ची करा. नकाशा सरासरीचा आहे आणि झाडाला मारायला एकच रात्र पुरते. इथल्या नोंदीतली सगळ्यात थंड रात्र जानेवारी १८८८ ची, उणे ४१ फॅरनहाइट. सेल्सिअसमध्येही ती जवळजवळ तेवढीच भरते, कारण उणे चाळिसाला दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींना भेटतात.

थंडी सोसणारं झाड म्हणजे काय किमतीचं, हे पीटर गिडियनची गोष्ट ऐकल्यावर कळतं. १८५० च्या दशकात तो मिनियापोलिसजवळ मिनेटोंका तळ्याकाठी राहायला आला. सफरचंदाची झाडं लावत गेला आणि हिवाळे ती मारत गेले. असं सांगतात की शेवटी हाताशी आठ डॉलर आणि एक गाय उरली. अंगावर धड कोट नव्हता. त्यानं ते आठ डॉलर मेन राज्यात पाठवून सफरचंदाच्या बिया मागवल्या, आणि दोन जुन्या बंड्यांना पाटलोणीचे पाय बाह्या म्हणून जोडून हिवाळा काढला. त्या बियांतून एक झाड तगलं. १८६८ मध्ये त्यानं त्याला आपल्या बायकोचं नाव दिलं: वेल्दी. मिनेसोटाच्या थंडीत टिकून पीक देणारं ते पहिलं नावाजलेलं सफरचंद. नाव ऐकून श्रीमंतीची जाहिरात वाटते, म्हणून मुद्दाम सांगते की तिचं नाव खरंच वेल्दी होतं.

मी आले त्याच वर्षी, १९९१ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठानं हनीक्रिस्प हे सफरचंद बाजारात आणलं. आता ते सगळीकडे मिळतं. त्याचं मूळ झाड हिवाळ्यात खराब झालं म्हणून एकदा बाद ठरवलेलं होतं. डेव्हिड बेडफोर्ड या संशोधकाला वाटलं की दोष झाडाचा नसून जागेचा असेल, आणि त्यानं त्याच्या कलमांना आणखी संधी दिली. वसंतात ‘मेलं’ म्हणून एखादं झाड उपटायला जाल तेव्हा हे आठवा. मी तरी जूनपर्यंत कुदळ उचलत नाही.

या सगळ्या आवराआवरीत पेरणीचं एक काम येतं आणि ते माझं लाडकं. लसूण. महाराष्ट्रात रब्बीचा लसूण साधारण याच दिवसांत लावतात आणि चार-साडेचार महिन्यांत काढतात. इथंही ऑक्टोबरातच पाकळ्या टोचतात, पण काढणी जुलैत. मधले महिने पाकळी गोठलेल्या मातीत मूळ धरून बसते. तो वेळ फुकट जात नाही. थंडी मिळाली नाही तर गड्ड्याच्या पाकळ्या सुटत नाहीत, कांद्यासारखा एकच गोळा होतो. जूनमध्ये इथल्या लसणाला वळसेदार दांडे येतात, ते काढावेच लागतात. त्यांची भाजी आणि ठेचा दोन्ही होतात, ठेचा उजवा.

बागेच्या साफसफाईबद्दल माझी मतं या वर्षांत उलटीपालटी झाली. पूर्वी मी नोव्हेंबरात बाग अंगणासारखी लख्ख झाडून ठेवायचे. टोमॅटो, बटाटा, काकडी यांचा रोगट पाला अजूनही उचलते, त्यात दुमत नाही. पण फुलझाडांचे वाळके दांडे आता उभेच असतात. पोकळ दांड्यांत इथल्या रानमाश्या घर करतात, बियांवर पक्षी येतात, शिवाय उभ्या काड्यांत बर्फ अडकून राहतो. बंबलबी या केसाळ भुंग्यासारख्या माश्यांची अख्खी वसाहत हिवाळ्यात मरते. वाचते एकटी नवी राणी, भुसभुशीत मातीत किंवा पाचोळ्याखाली. त्यांच्यातल्या ‘रस्टी पॅच्ड’ जातीचा २०१७ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत समावेश झाला आणि २०१९ मध्ये मिनेसोटानं तिला राज्याची माशी केलं. माझ्या झाडूखाली अशा किती राण्या गेल्या असतील, देव जाणे.

पाचोळा मात्र सांभाळूनच घ्यावा. त्याचं कारण आपल्याला धक्का देणारं आहे. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे आपण तिसरी-चौथीत घोकलेलं. मिनेसोटात मूळचं गांडूळ नाही. हिमयुगाच्या बर्फाचे थर हटल्यावर इथली जंगलं गांडुळांशिवाय वाढली. आता जी आहेत ती युरोपातून वसाहतवाल्यांबरोबर आणि नंतर मासेमारीच्या आमिषांतून आली. ती जंगलातला पानांचा जाड थर खाऊन टाकतात आणि त्या थरात रुजणारी रानफुलं संपतात. हल्ली आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळं पसरताहेत. ती वरची माती कॉफीच्या चोथ्यासारखी करून ठेवतात. मोठी गांडुळं थंडीत मरतात, अंडी मातीत जगतात. म्हणून कोणाकडूनही फुकटचा पाचोळा, कंपोस्ट किंवा कुंड्या आणताना आधी माती हातानं चाळून पाहा. गांडूळ दिसलं म्हणून आनंदानं घरी नेऊ नका. हे लिहिताना मला माझ्या शाळेतल्या बाईंची भीती वाटते.

आता घरात येणाऱ्या मंडळींबद्दल, म्हणजे ज्यासाठी तुम्ही ही पुस्तिका बहुधा हातात घेतलीत. रात्रीचा पारा दहा सेल्सिअसच्या खाली जायला लागला की कढीलिंब, तुळस, मोगरा आत आले पाहिजेत. गोठण्याची वाट पाहायची नाही. आणण्याआधी पानांची खालची बाजू पाहा, धुऊन काढा. नाहीतर पिठ्या ढेकूण आणि खवले कीड घरभर होते. आत आल्यावर कढीलिंब पानं गाळतो. तो मेलेला नसतो, त्याला ऊन कमी पडतं म्हणून तो आटोपतं घेतो. आणि आपण काय करतो? पाणी वाढवतो. माझे दोन कढीलिंब असे बुडून मेले. माती बोटभर खोल कोरडी लागल्याशिवाय पाणी नको. रोप आणतानाही जपा. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा लिंबू-संत्र्यांच्या राज्यांतून कढीलिंब बाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत, कारण संत्र्याच्या बागा बसवणारा रोग पसरवणारा किडा त्याच्यावर राहतो. पाहुण्याच्या बॅगेतून रोप मागवण्याचा मोह आवरा.

तुळशीचं लग्न कार्तिकात येतं तेव्हा इथं अंगण गोठलेलं असतं. आमच्याकडे लग्न बैठकीच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीपाशी लागतं. नवरी तोवर किडकिडीत आणि जरा पिवळी झालेली असते. मंजिऱ्यांचं बी सप्टेंबरातच वाळवून ठेवा, म्हणजे फेब्रुवारीत ती गेली तरी मार्चमध्ये नवी रुजते.

अळू, कर्दळ, डेलिया, निशिगंध यांची पानं थंडीनं काळी पडली की कंद काढायचे, माती झाडून, सुकवून, कोरड्या भुशात किंवा पीटमध्ये ठेवायचे. जागा थंड पण न गोठणारी हवी. तळघराचा कोपरा उत्तम. इथल्या नर्सरीत अळू शोभेचं झाड म्हणून मिळतो. त्याची वडी करण्याआधी एक पान शिजवून चाखा. घसा खवखवला तर तो शोभेलाच राहू दे.

सशांबद्दल पुढे अख्खं प्रकरण आहे, म्हणून इथं एवढंच: सफरचंदाच्या कोवळ्या खोडाला तारेची जाळी लावा, आणि तिची उंची जमिनीपासून मोजू नका, बर्फाच्या थरापासून मोजा. ससा बर्फावर उभा राहून खातो.

या पुस्तिकेतली माहिती मिनेसोटाच्या हिशोबानं लिहिली आहे. टोरांटो, शिकागो, बॉस्टनकडच्या वाचकांनी तारखा आपापल्या पहिल्या गोठणाऱ्या रात्रीपासून मोजून घ्याव्यात. क्रम फारसा बदलणार नाही. हरितगृहांविषयी मी लिहिलेलं नाही, कारण मला त्यांचा अनुभव नाही. ज्या चुका मी केल्या त्यांतली मात्र एकही लपवलेली नाही. त्यांतली सगळ्यात महाग चूक बागेतली नव्हतीच. एका वर्षी गुलाब पुरले, कंद काढले, जाळ्या लावल्या, आणि बाहेरच्या नळाला पाण्याची नळी तशीच जोडलेली राहिली. नळीतलं पाणी अडकून गोठलं, भिंतीतला पाइप फुटला, आणि नळ पुन्हा चालू केला तेव्हा तळघरात घोटाभर पाणी झालं. त्यात त्या वर्षीचे डेलियाचे सगळे कंद कुजले.

तेव्हा पुढची पानं सावकाश वाचा, हिवाळा मोठा आहे. पण आज अंधार पडायच्या आत बाहेर जाऊन तेवढी नळी काढून ठेवा.

मिनियापोलिस,
घटस्थापना